आधी वर्ग, मग वेग

अहिल्यानगरच्या जैन समाजाचे वाहनांशी असलेले नाते जुने आहे. स्वातंत्र्यसैनिक, विधिज्ञ आणि मुंबई विधानसभेचे अध्यक्ष राहिलेले कुंदनमल फिरोदिया यांचे पुत्र नवलमलजी व हस्तिमलजी वाहन-उद्योगात उतरले आणि १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली. पुढे हस्तिमलजींच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये ‘लूना’ बाजारात आणली आणि नगरच्या कारखान्याचे नाव देशभर गेले. लूनाचे इंजिन अवघे पन्नास घनसेंटिमीटरचे होते. शक्ती, वजन आणि किंमत यांची मर्यादा आधी ठरवायची व त्या मर्यादेत उत्तमातले उत्तम घडवायचे, हा त्या वाहनामागचा विचार होता. दुकानदार, शिक्षक, नोकरदार स्त्रिया यांच्या दारी लूना पोहोचली ती या विचारामुळेच.

आज त्याच बाजारपेठेतील तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या हाती वेगळी वाहने आली आहेत. घरचा तरुण स्पोर्ट्स कार घेतो, तिच्यात फेरबदल करून घेतो आणि मग शर्यतीत उतरण्याची इच्छा घरात बोलून दाखवतो. आईच्या छातीत धडकी भरते, वडील खर्चाचा विचार करतात, आजोबा विषयच बंद करतात. घरात ‘जा’ किंवा ‘जाऊ नको’ एवढ्यावरच वाद होतो. कोणत्या वर्गात उतरायचे, हा खरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. खर्च, सुरक्षितता, कायदा आणि काही अंशी धर्म या चारही गोष्टी त्या एका उत्तरावर अवलंबून असतात.

वर्ग कशासाठी?

आपल्या जिल्ह्यात गावोगावच्या जत्रांत कुस्तीचे फड रंगतात. स्पर्धेच्या आखाड्यात सत्तर किलोच्या मल्लाची गाठ शंभर किलोच्या मल्लाशी घालत नाहीत. आधी वजनकाटा, मग जोड. मोटार-शर्यतीतील वर्ग म्हणजे असाच वजनगट होय. गाडी कोणत्या गटात बसते हे प्रामुख्याने चार गोष्टींवर ठरते: इंजिनाचे आकारमान, त्याला टर्बो आहे की नाही, गाडीचे वजन व शक्ती यांचे प्रमाण, आणि कारखान्यातून निघाल्यानंतर तिच्यात झालेले बदल.

टर्बोचा हिशेब अनेकांना ठाऊक नसतो. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांत टर्बो असलेल्या पेट्रोल इंजिनाचे आकारमान १.७ ने गुणून मग वर्ग ठरवण्याची पद्धत आहे. म्हणजे कागदावर ९९९ घनसेंटिमीटरचे दिसणारे छोटे टर्बो इंजिन शर्यतीच्या वहीत सुमारे १,६९८ चे होते. ११९७ घनसेंटिमीटरचे टर्बो इंजिन दोन हजारांच्या पुढे जाते. आपली गाडी ‘छोटी’ आहे अशा समजुतीने नाव नोंदवायला गेलेला तरुण अशा रीतीने मोठ्या गाड्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

वजन आणि शक्ती यांचे प्रमाण समजणे व्यापारी घराला अवघड नाही. ११०० किलोच्या गाडीची शक्ती १२० अश्वशक्ती असेल, तर टनामागे सुमारे १०९ अश्वशक्ती पडते. इंजिनाच्या संगणकात बदल करून तीच शक्ती १६० वर नेली, तर टनामागे सुमारे १४५ होते. गाडी दिसायला तीच, पण तिचा गट बदलला.

बदलांच्या पायऱ्या कशा रचतात, हे पाहण्यासाठी अमेरिकेचे उदाहरण उपयोगी आहे. तेथील हौशी चालकांची ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था १९४४ पासून काम करते. मोकळ्या मैदानात शंकू मांडून घेतल्या जाणाऱ्या तिच्या स्पर्धांत सर्वांत खालची पायरी ‘स्ट्रीट’ या नावाने ओळखली जाते. तेथे टायर, शॉक-अॅब्झॉर्बर, ब्रेक पॅड अशा मोजक्या गोष्टी बदलता येतात. इंजिनाच्या संगणकाला हात लावला की गाडी वरच्या पायरीवर जाते. आपल्याकडे १९७१ मध्ये स्थापन झालेली ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया’ ही संस्था या खेळाचे नियमन करते. चेन्नईच्या राष्ट्रीय स्पर्धेत ‘सुपर स्टॉक’, ‘इंडियन ज्युनियर टूरिंग कार्स’, ‘इंडियन टूरिंग कार्स’ असे वर्ग राहिले आहेत. मूळ अवस्थेच्या जवळची गाडी एकीकडे आणि शर्यतीसाठीच घडवलेली गाडी दुसरीकडे, हे तत्त्व सर्वत्र सारखेच आहे.

अर्धवट बदललेली गाडी

समजा, आडते बाजारातील एखाद्या पेढीच्या पंचविशीतल्या मुलाने टर्बो इंजिनाची गाडी घेतली. मित्रांच्या सल्ल्याने त्याने आधी संगणकातील प्रणाली बदलून घेतली, मग मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावला, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घातल्या, रुंद चाके चढवली. वर्षभर हा खर्च चालला. त्यानंतर त्याने स्पर्धेची नियमावली प्रथमच उघडली.

संगणक बदललेला असल्यामुळे ‘स्टॉक’ वर्गाचे दार बंद झाले होते. उरला तो ‘ओपन’ वर्ग. तेथे आलेल्या गाड्यांतून मागची आसने, गालिचे, ध्वनिवर्धक सारे काढून वजन घटवलेले, आत पोलादी रोल केज जोडलेला, चाकांना शर्यतीचे टायर. या मुलाची गाडी घरच्यांना फार बदललेली वाटत होती. या रांगेत ती जवळजवळ मूळ अवस्थेतलीच ठरली. खालच्या वर्गासाठी जास्त आणि वरच्या वर्गासाठी कमी, अशी तिची अवस्था झाली.

येथून पुढचा मोह अधिक महाग असतो. ‘बाबूजी, फक्त टायर बदलले की झाले,’ असे मुलगा म्हणतो. टायर बदलले की ब्रेक कमी पडतात, ब्रेक बदलले की सस्पेन्शन, मग क्लच, मग गिअरबॉक्स. एका वस्तूने निर्माण केलेली उणीव दुसरी वस्तू भरून काढते आणि तिसरीची गरज उभी करते. लोभाला अंत नसतो, हे प्रवचनात ऐकलेले वाक्य गॅरेजच्या बिलांवर अक्षरशः उमटलेले दिसते.

बाजारात कोणता माल खपतो हे न पाहता गोदाम भरणारा व्यापारी आपण पाहिलेला असतो. त्याचा माल वाईट नसतो; फक्त त्याने क्रम चुकवलेला असतो. येथेही तसेच आहे. आधी वर्ग निवडावा, त्या वर्गाची नियमावली ओळ न ओळ वाचावी, आणि तिने जेवढी परवानगी दिली असेल तेवढेच बदल करावेत. नियमात न लिहिलेली गोष्ट चालेल असे गृहीत धरू नये. मुख्य नियमावलीशिवाय प्रत्येक स्पर्धेचे पूरक नियम असतात, तेही मागवून घ्यावेत.

बदल आधीच झाले असतील तर? बहुतेकांच्या मनात वरच्या वर्गापर्यंत पोहोचण्याचा विचार येतो. खरे तर पुष्कळदा एक पायरी खाली उतरणेच शहाणपणाचे असते. संगणकातील मूळ प्रणाली परत बसवता येते, मूळ सायलेन्सर जपून ठेवला असेल तर तोही लावता येतो, बाकीचे सुटे भाग विकता येतात. नवशिक्या चालकाला मूळ अवस्थेतील गाडी जे शिकवते ते जास्त शक्तीची गाडी शिकवत नाही. शक्ती जास्त असली की वळणावर झालेली चूक पुढच्या सरळ पट्ट्यात झाकली जाते. शक्ती मर्यादित असली की प्रत्येक चूक घड्याळात दिसते.

याची साक्ष भारतीय शर्यतीच्या इतिहासातच आहे. कोइमतूरच्या वस्त्रोद्योगातील घराण्यातून आलेल्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे साधे इंजिन वापरून ‘फॉर्म्युला मारुती’ ही एकासनी गाडी घडवली. स्वस्त आणि सर्वांना सारखी, असा हा वर्ग होता. त्याच वर्गात सुरुवात केलेला कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. लहान वर्गाने त्याची वाट अडवली नाही; त्या वर्गानेच त्याला घडवले.

नगरहून निघणाऱ्या वाटा

आपल्या शहरात वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजे व्हीआरडीई, आहे आणि तिच्याकडे वाहनचाचणीचे ट्रॅक आहेत. ती संरक्षण संशोधनाची संस्था आहे. तेथील ट्रॅक वाहनांच्या चाचणीसाठी आहेत, हौशी शर्यतींसाठी नाहीत. म्हणून नगरच्या तरुणाला जिल्ह्याबाहेर जावे लागते आणि प्रवासाचा खर्चही वर्ग निवडताना धरावा लागतो.

पहिली वाट ‘वेळ-वेग-अंतर’ रॅलीची. या प्रकाराला इंग्रजी आद्याक्षरांवरून टीएसडी म्हणतात. येथे सर्वांत आधी पोहोचणारा जिंकत नाही. ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने, ठरलेल्या सेकंदाला जो तपासणी नाक्यावर येतो तो जिंकतो. लवकर आला तरी गुण कापतात, उशिरा आला तरी कापतात. शेजारी बसलेला सहचालक आकडेमोड करतो. हिशेबात वाढलेल्या घरांना हा खेळ सहज जमण्यासारखा आहे. गाडीत कोणताही बदल लागत नाही आणि पती-पत्नी, भाऊ-बहीण यांना एकत्र उतरता येते. मुंबईची ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ स्त्रियांसाठी अशी रॅली घेत आली आहे.

दुसरी वाट ऑटोक्रॉसची. बंद मैदानात आखलेल्या मार्गावरून एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळाशी स्पर्धा असते. दुसऱ्या गाडीशी टक्कर होण्याचा प्रश्न येत नाही. राष्ट्रीय रॅलीच्या नकाशावर आलेले नाशिक नगरपासून फार दूर नाही.

तिसरी वाट सरळ पट्ट्याच्या ड्रॅग शर्यतीची. लोणावळ्याजवळील अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नावाने अशी स्पर्धा होत आली आहे. इंजिन बदललेल्या गाड्यांचा ओढा तिकडे अधिक असतो. मात्र सरळ पट्ट्यात चालकापेक्षा गाडीचा, म्हणजेच खर्चाचा, प्रभाव मोठा राहतो. येथे वर्ग चुकला तर काही सेकंदांतच निकाल लागतो.

चौथी वाट कोल्हापूरची. नगरहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरील या शहरात मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे आणि तेथे राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. कार्टिंगमध्ये वयानुसार मायक्रो मॅक्स, ज्युनियर मॅक्स, सीनियर मॅक्स असे गट असतात आणि गटातील इंजिने सारखी असतात. घरची स्पोर्ट्स कार दारात उभी ठेवून आधी येथे शिकावे, असा सल्ला जाणकार देतात तो उगाच नाही.

पाचवी वाट मोठ्या ट्रॅकची. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा आहे, कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे सुमारे २.१ किलोमीटरचा, तर ग्रेटर नोएडाचा बुद्ध आंतरराष्ट्रीय ट्रॅक ५.१२५ किलोमीटरचा. तेथे स्वतःची गाडी नेण्याऐवजी एकाच बनावटीच्या गाड्यांच्या वर्गात भाग घेण्याचा पर्यायही असतो. आयोजकच सर्वांना सारख्या गाड्या देतात. स्पर्धकाने फक्त चालवायचे. २०१० मध्ये भारतात सुरू झालेला पोलो कप याच प्रकारचा होता. गाडी विकत घेऊन बदलत बसण्यापेक्षा असा हंगाम पुष्कळदा किफायतशीर पडतो, कारण खर्चाचा आकडा आधीच कळतो.

वर्ग कोणताही असो, एक गोष्ट अवश्य पाहावी: त्यात किती स्पर्धक नियमित येतात? दोनच गाड्यांच्या वर्गात दुसरा क्रमांक मिळवून घरी चषक आणता येतो. त्यातून शिकायला काही मिळत नाही.

रस्ता हा वर्ग नव्हे

फेरबदल केलेली गाडी ट्रॅकवर न जाता रस्त्यावरच धावू लागली, तर या साऱ्या विचाराला अर्थ उरत नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि कोपरगाव तालुक्यापर्यंत सरळ, रुंद रस्ता आला. त्यावर कारसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. ती मर्यादा म्हणजे आव्हान आहे, असे मानणारे तरुण आहेत.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ वैशिष्ट्यांत मनमानी बदल करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तोच अर्थ अधोरेखित केला. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास कलम १८९ नुसार पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. दोन्ही शिक्षा एकत्रही होऊ शकतात. केवळ ट्रॅकसाठी घडवलेली गाडी ट्रॅकपर्यंत ट्रकवर लादून न्यावी, चालवत नेऊ नये.

विम्याचा कागदही एकदा वाचावा. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर झालेले नुकसान त्या पॉलिसीतून मिळत नाही. स्पर्धेत कोणता विमा आहे, तो कोणाला लागू आहे, रुग्णवाहिका व डॉक्टर हजर असतात का, हे प्रश्न नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना विचारावेत.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असे पोलिसांनी सांगितले. तो प्रसंग प्रत्येक संपन्न घराने आठवावा. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास कलम १९९अ पालकाला किंवा गाडीच्या मालकाला जबाबदार धरते; तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पण गेलेल्या दोन जिवांपुढे दंडाच्या आकड्याचे मोल काय?

व्रताच्या प्रकाशात

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमण व्रत आहे. ज्या हिंसेला प्रयोजन नाही ती टाळावी, हा त्याचा आशय. अपध्यान, प्रमादाचरण, हिंस्रप्रदान आणि पापकर्मोपदेश असे अनर्थदंडाचे चार प्रकार सांगितले आहेत. बेफिकिरीने गाडी हाकणे हे उघड प्रमादाचरण आहे. जे साधन दुसऱ्याचा घात करू शकते ते अपात्र हाती देणे म्हणजे हिंस्रप्रदान. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडीची किल्ली ठेवणारा पिता या शब्दापाशी क्षणभर थांबला, तर त्याला कायद्याचे कलम वेगळे सांगावे लागणार नाही.

शर्यत हीच मुळात निष्प्रयोजन आहे, असे म्हणणारे वडीलधारे समाजात आहेत आणि त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. ज्या घराला ते पटते त्याने हा छंद सोडावा. त्यात कमीपणा नाही. पण तरुणाची ओढ दाबून टाकल्याने ती नाहीशी होत नाही, रात्रीच्या महामार्गावर निघून जाते, हेही वास्तव आहे. सर्वस्वी त्याग शक्य नसेल तेथे अणुव्रताने मर्यादा घालण्याची दृष्टी आपल्या परंपरेनेच दिली आहे. महाव्रत साधूंसाठी, अणुव्रत गृहस्थांसाठी.

परिग्रह-परिमाण व्रतात गृहस्थ स्वतःच आपल्या संग्रहाची सीमा ठरवतो. शर्यतीचा वर्ग निवडणे हेही अशाच सीमेचे एक रूप मानता येईल. इतकी शक्ती, इतके बदल, इतका खर्च, वर्षातून इतक्या स्पर्धा आणि रस्त्यावर एकही नाही, असे मुलाने स्वतः लिहून काढावे आणि घरच्यांसमोर वाचावे. वडिलांनी तो कागद पेढीच्या करारासारखा जपावा. खर्चात प्रवेशशुल्क, परवाना, प्रशिक्षण, वाहतूक, टायर, मुक्काम हे सारे धरावे, आणि हेल्मेट, अग्निरोधक पोशाख, आसनाचे पट्टे यांची रक्कम सर्वांत आधी बाजूला काढावी. सुरक्षिततेच्या साहित्यात काटकसर करून इंजिनावर खर्च करणारा स्पर्धक अजून शर्यतीस पात्र झालेला नाही, असे समजावे.

पहिल्या वर्षी वेळ-वेग-अंतर रॅली किंवा कार्टिंग, दुसऱ्या वर्षी मूळ अवस्थेतील गाडीने ऑटोक्रॉस, आणि त्यानंतरच मोठ्या ट्रॅकचा विचार, असा क्रम बहुतेक घरांना मानवेल. या वाटेने जाताना कदाचित दुसऱ्या वर्षीच मुलाच्या लक्षात येईल की त्याला हवा होता तो थरार मिळाला आहे आणि गाडीत आणखी काही बदलायची गरज नाही. तसे झाले तर खर्चही वाचला आणि मर्यादेचे महत्त्वही त्याचे त्यालाच कळले.